मेबल आरोळे फेलोशिप

सार्वजनिक आरोग्यात काम करू इच्छिणाऱ्या परदेशी तरुण पदवीधरांसाठीची अभ्यासवृत्ती. अहिल्यानगर (अहमदनगर) जिल्ह्यातील जामखेड येथील ग्रामीण आरोग्य प्रकल्पाच्या सहसंस्थापक डॉ. मेबल आरोळे (1935–1999) यांचे नाव तिला दिले आहे. फेलो दीर्घकाळ जामखेडला राहून गावपातळीवरील आरोग्यकार्य शिकतो.

मेबल व त्यांचे पती डॉ. रजनीकांत आरोळे (1934–2011) वेल्लोरच्या ख्रिश्चन मेडिकल कॉलेजचे पदवीधर. फुलब्राइट शिष्यवृत्तीवर अमेरिकेत प्रशिक्षण घेऊन, जॉन्स हॉपकिन्स विद्यापीठात सार्वजनिक आरोग्याचा अभ्यास करून दोघे परतले आणि 1970 मध्ये त्यांनी दुष्काळी जामखेडमध्ये प्रकल्प सुरू केला. निरक्षर, अनेकदा दलित स्त्रियांना प्रशिक्षण देऊन त्यांनी गावोगावी आरोग्यसेविका घडवल्या. बाळंतपण, लसीकरण, पोषण, स्वच्छ पाणी आणि कुष्ठरोग-क्षयरोगाचे रुग्ण शोधणे ही कामे या स्त्रियांनी पेलली. जागतिक आरोग्य संघटनेच्या 1975 च्या ग्रंथात हा प्रयोग नोंदवला गेला. 1979 मध्ये दांपत्याला रॅमन मॅगसेसे पुरस्कार लाभला.

एके काळी शिष्यवृत्तीवर परदेशी गेलेल्या डॉक्टरांच्या प्रकल्पात आता परदेशी विद्यार्थी शिकायला येतात आणि त्यांच्या शिक्षकांत गावच्या आरोग्यसेविकाही असतात, हे या अभ्यासवृत्तीचे खरे मोल.