घोडा, दार आणि प्रक्षेप

होमरच्या ‘इलियड’मध्ये ट्रॉयचा लाकडी घोडा येत नाही, तो भेटतो ‘ओडिसी’त आणि अधिक विस्ताराने व्हर्जिलच्या ‘एनिड’मध्ये. अमेरिकी हवाई दलासाठी सिद्ध झालेल्या 1972 च्या एका अहवालात तोच घोडा संगणकाच्या परिभाषेत आलेला दिसतो. त्याचा एक वंशज, दूरनियंत्रक ट्रोजन, आम्हां साहित्याच्या अध्यापकांना विशेष अस्वस्थ करतो.

1998 साली अशा दोन प्रणाली प्रकट झाल्या : स्वीडनमधील कार्ल-फ्रेड्रिक नाइक्टर यांची ‘नेटबस’ आणि अमेरिकेतील ‘कल्ट ऑफ द डेड काऊ’ या गटाची ‘बॅक ऑरिफिस’. दोहोंची रचना सारखीच. एक भाग सावजाच्या संगणकात, दुसरा दूरच्या माणसाच्या हाती. पहिला भाग निरुपद्रवी वस्तूच्या पोटात दडून येई. नेटबस ‘व्हॅक-अ-मोल’ नावाच्या खेळातून पसरली. मालकाने खेळ उघडला की आतले दारही उघडे. मग दूर बसलेल्याला कळफलकावर उमटणारी अक्षरे वाचता येत, पडदा पाहता येई, फायली नेता येत आणि ठेवताही येत. ट्रॉय जळाले ते सर्वांना दिसले. इथे नगर नांदत राहते आणि मालकाला सुगावाही लागत नाही.

‘ठेवताही येत’ हे शब्द महत्त्वाचे. 1999 मध्ये स्वीडनच्या लुंड विद्यापीठातील एका कायद्याच्या अभ्यासकाच्या संगणकात बालकांची अश्लील छायाचित्रे सापडली. त्याचे पद गेले, देश सोडावा लागला. तो संगणक नेटबसद्वारे नियंत्रित झाला होता हे मान्य करून न्यायालयाने त्याला निर्दोष ठरवले, ते 2004 च्या अखेरीस.

पुण्यात 2018 मध्ये नोंदवलेल्या भीमा कोरेगाव प्रकरणातही हाच प्रश्न उभा राहिला. आरोपी रोना विल्सन यांच्या संगणकात ‘नेटवायर’ या ट्रोजनद्वारे कागदपत्रे ठेवली गेली, असा निष्कर्ष बचाव पक्षासाठी तपासणी करणाऱ्या आर्सेनल कन्सल्टिंग या अमेरिकी संस्थेने 2021 मध्ये मांडला. राष्ट्रीय तपास यंत्रणेने तो मान्य केला नाही.

शके 1506 मध्ये एकनाथांनी ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. पोथीत आहे म्हणून प्रत्येक ओवी ज्ञानेश्वरांचीच ठरत नाही, हे आम्ही वर्गात दरवर्षी सांगतो. फाईल कोणाच्या संगणकात सापडली, एवढ्यावरून तिचा कर्ता ठरवणे ही पाठचिकित्सेला सोडचिठ्ठी आहे. फरक इतकाच, की प्रक्षिप्त ओवीमुळे कोणाला तुरुंगात जावे लागत नाही.