फाशीची शिक्षा : भारतातील नैतिक व आर्थिक बाजू

न्यायालयाच्या आदेशाने राज्यसंस्थेने गुन्हेगाराचा प्राण घेणे, ही भारतीय कायद्यातील सर्वांत कठोर शिक्षा. १९७३ च्या फौजदारी प्रक्रिया संहितेपासून खुनाला जन्मठेप हा नियम आणि फाशी हा अपवाद ठरला. बच्चनसिंग खटल्यात (१९८०) सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा चार विरुद्ध एक मतांनी वैध ठरवली, मात्र ‘दुर्मिळातील दुर्मिळ’ प्रकरणांपुरती. न्या. पी. एन. भगवती यांनी वेगळे मत नोंदवले : ही शिक्षा मनमानीने दिली जाते आणि तिचा फास बहुधा गरिबाच्या गळ्यात पडतो. दिल्लीच्या राष्ट्रीय विधी विद्यापीठाने २०१६ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात फाशीचे सुमारे ७४ टक्के कैदी आर्थिकदृष्ट्या दुर्बल आढळले.

खुन्याला सरकारने आयुष्यभर का पोसावे, असे नेहमी विचारले जाते. पण फाशीही स्वस्त नसते. सत्र न्यायालयाच्या निकालावर उच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब सक्तीचे. पुढे अपील, फेरविचार आणि दयेचा अर्ज. या प्रत्येक टप्प्यावर चांगला वकील लागतो, आणि तो परवडणे न परवडणे यावर जीव अवलंबून राहतो. खर्चाचा खरा हिशेब इथून मांडायला हवा.

नाशिकजवळ २००३ मध्ये झालेल्या दरोडा, खून व बलात्काराच्या प्रकरणात भटक्या जमातीतील सहा जण पकडले गेले. उच्च न्यायालयाने तिघांची फाशी जन्मठेपेत बदलली होती; सर्वोच्च न्यायालयाने २००९ मध्ये सहाही जणांना फाशी सुनावली. मार्च २०१९ मध्ये त्याच न्यायालयाने सर्वांना निर्दोष सोडले. प्रत्यक्षदर्शी महिलेने पोलिसांकडील छायाचित्रांतून वेगळ्याच चौघांना ओळखले होते, आणि तो पुरावा दडवला गेला होता. प्रत्येकाला पाच लाख रुपये भरपाई देण्याचा आदेश झाला. सोळा वर्षांवर विभागल्यास ती महिन्याला सुमारे २,६०० रुपये भरते. दरम्यान फाशी अमलात आली असती, तर हा आदेश निरर्थक ठरला असता.

फाशीने जरब बसते का? आयझॅक एर्लिक या अर्थशास्त्रज्ञाने १९७५ मध्ये अमेरिकी आकडेवारीवरून तसा दावा केला. तेथील राष्ट्रीय संशोधन परिषदेने २०१२ मध्ये असे अभ्यास धोरण ठरवण्यास निरुपयोगी म्हटले.

दहशतवाद व युद्धविषयक गुन्हे वगळता फाशी रद्द करावी, अशी शिफारस भारतीय विधी आयोगाने २०१५ मध्ये केली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय न्याय संहितेने मात्र फाशी कायम ठेवली असून झुंडबळीसारख्या गुन्ह्यांसाठीही तिची तरतूद केली आहे.