प्लेगची लस आणि भायखळ्याच्या जेलमधली मोजणी

पुण्यात प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता सावित्रीबाई फुले १० मार्च १८९७ रोजी गेल्या, हे आपल्याला माहीत आहे. त्याच साथीची आणखी एक गोष्ट आज आम्ही सांगणार आहोत.

१८९६ मध्ये मुंबईत मांडवी भागात प्लेग निघाला. लाखो लोक शहर सोडून गेले, आपल्या आसनगाव-कसाऱ्यावरून जाते त्या रेल्वेनंही. सरकार रोग्यांना जबरदस्तीनं दवाखान्यात नेई. आत नेऊन मारतात, अशी अफवा उठली आणि ऑक्टोबरमध्ये गिरणी कामगारांनी आर्थर रोडच्या हॉस्पिटलवर हल्ला केला. त्यांना अडाणी म्हणणं सोपं आहे. पण घरात घुसून माणूस उचलणाऱ्यावर विश्वास कोण ठेवील?

तेव्हा हाफकिन नावाच्या शास्त्रज्ञानं मुंबईत लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ ला आधी स्वतःला टोचून घेतली. हे ऐकून आपल्याला भरून येतं. पण त्यातून कळलं एवढंच, की लस टोचून माणूस दगावला नाही. प्लेग अडतो का, ते कळलं नाही. आणि बनवणारा आपल्याच मालाला वाईट कसा म्हणेल?

ते कळलं भायखळ्याच्या जेलमध्ये. तिथं प्लेग शिरला होता. जेल एकच, जेवण एकच. साधारण निम्म्या कैद्यांनी लस घेतली. न घेतलेल्यांत १२ जणांना प्लेग झाला, ६ मेले. घेतलेल्यांत दोघांनाच झाला, मेलं कुणी नाही. (कैद्याला नको म्हणायची कितपत सोय होती, ते सोडा.)

आपल्या शहापूर-मुरबाडच्या गटांत ‘शुगर उतरवणारा काढा’ म्हणून मेसेज आला, तर हेच विचारा. न घेणाऱ्यांचं काय झालं? मोजलं कुणी? बाटली विकतं कोण? तोवर डॉक्टरांनी दिलेली गोळी कुणीही बंद करू नका.

पुढं १९०२ मध्ये पंजाबातल्या मुलकोवाल गावी लस घेतलेले १९ जण धनुर्वातानं मेले. ही अफवा नव्हती. ‘लस मारते’ असं लोक म्हणाले, त्यात नवल नाही. पण त्या दिवशी टोचलं होतं १०७ जणांना, आणि मेलेले सगळे एकाच बाटलीतले. त्या बाटलीचं बूच काढायचा चिमटा जमिनीवर पडला होता, तो नीट जंतुमुक्त न करता वापरला होता. ठपका मात्र हाफकिन यांच्यावर आला. इतर शास्त्रज्ञांनी कागद तपासून वर्तमानपत्रात लिहिलं, तेव्हा कुठं १९०७ मध्ये तो पुसला गेला. परळच्या संस्थेला १९२५ मध्ये त्यांचं नाव दिलं.