नाताळचं देणं

आजचा विषय ऐकायला गोड आहे. नाताळात गरजूंना देताना देणाऱ्याला आनंद होतो, त्या आनंदाचा इतिहास. तो मी मुख्यतः इंग्लंडमधला घेणार आहे, कारण नाताळच्या दानाची जी रीत आज आपण ओळखतो तिचा साचा बराचसा तिथे पडला. एक गोष्ट आधीच सांगून टाकतो. हा आनंद खोटा असतो असं मला मुळीच म्हणायचं नाही. मला विचारायचंय ते इतकंच, की तो आनंद होत असताना घेणारा कुठे उभा होता?

सुरुवात संत निकोलसपासून करायची पद्धत आहे, म्हणून करू. चौथ्या शतकातला मायराचा बिशप. मायरा आजच्या तुर्कस्तानात. एका गरीब बापाच्या तीन मुली, हुंड्याला पैसा नाही, आणि निकोलसने रात्रीच्या अंधारात खिडकीतून सोन्याच्या थैल्या आत टाकल्या, अशी आख्यायिका. इतिहास म्हणून ती सिद्ध करता येत नाही. पण लोकांनी ती शतकानुशतकं सांगितली, म्हणजे त्यांना कसा दाता हवा होता ते कळतं. तोंड न दाखवणारा हवा होता.

आता इंग्लंडच्या खेड्यांत येऊ. 21 डिसेंबर हा तिथे संत थॉमसचा दिवस. त्या दिवशी गावातल्या गरीब बायका, विशेषतः विधवा, घरोघर फिरत. कुणी गहू घाली, कुणी पीठ, कुणी नाणं. याला 'थॉमसिंग' म्हणत, कुठे 'गुडिंग' म्हणत. आणि बघा, कित्येक ठिकाणी त्या बायका बदल्यात हॉलीची किंवा मिसलटोची एक डहाळी देत. डहाळीला बाजारात काय किंमत येणार? पण ती हातात पडली की व्यवहार बदलतो. भीक उरत नाही, देवघेव होते. आपल्याकडे वासुदेवाला धान्य घालताना भीक घातली असं कुणी म्हणत नसे. पहाटे त्याने दारात येऊन देवाचं नाव ऐकवलेलं असायचं.

दुसरी रीत नोकरमाणसांची. दुकानातली शिकाऊ पोरं मातीचा गल्ला ठेवत, वर फट असलेला, आपल्या लहानपणी असायचा तसाच. गिऱ्हाइकं त्यात नाणी टाकत आणि नाताळात तो फोडायचा. सॅम्युएल पीप्सच्या रोजनिशीत 1663च्या डिसेंबरात नोंद आहे, की चांभाराचा हिशेब चुकता केला आणि तिथल्या पोरांच्या गल्ल्यातही काही टाकलं. 26 डिसेंबरला 'बॉक्सिंग डे' म्हणतात, त्याचा संबंध बहुधा या 'बॉक्स'शी आहे. मराठीत याला नेमका शब्द आहे: पोस्त. दिवाळीची पोस्त. पोस्त मागणारा पोस्टमन दारात लाजत उभा राहत नाही, तो हक्काने बेल वाजवतो. आणि आपण कुरकुरतो, पण देतो.

मी हे रंगवून सांगतोय म्हणून जुना काळ सोन्याचा होता असं समजू नका. गरिबी भयानक होती. पण एलिझाबेथ राणीच्या 1601च्या कायद्यापासून आपल्या पॅरिशकडे, म्हणजे आपल्या चर्चच्या हद्दीतल्या लोकांकडे, मदत मागायची एक ठरलेली जागा गरिबाला होती. 1834 साली नवा कायदा आला आणि ही जागा बदलली. धडधाकट माणसाला मदत हवी असेल तर त्याने वर्कहाउसात यायचं. तिथली स्थिती बाहेरच्या सर्वांत गरीब मजुरापेक्षाही वाईट ठेवायची, म्हणजे कुणी हौसेने येणार नाही, हे त्यामागचं तत्त्व. नवरा एका विभागात, बायको दुसऱ्या, मुलं तिसऱ्या.

आणि नाताळ? सुरुवातीच्या नियमांत नाताळच्या दिवशीही वेगळं जेवण नव्हतं. 1840 साली सवलत मिळाली: गोडधोड द्यायला हरकत नाही, मात्र खर्च खासगी देणगीतून व्हावा, गरिबांसाठी गोळा केलेल्या करातून नाही. करातून नाताळचं जेवण द्यायला मंजुरी मिळाली ती 1847 साली. मधली सात वर्षं मला फार बोलकी वाटतात. म्हणजे पुडिंग मिळेल, पण तुमचं म्हणून नाही. कुणाची तरी कृपा म्हणून. पुढे तर प्रथाच पडली. गावातले प्रतिष्ठित लोक आपल्या बायकामुलींसह यायचे आणि निराधार माणसं रोस्ट बीफ आणि प्लम पुडिंग कशी खातात ते बघायचे. त्यांना खरोखर बरं वाटत असणार. मी ते नाकारत नाही.

जॉर्ज सिम्स नावाच्या पत्रकाराने 1877 साली यावरच एक कविता लिहिली. त्यातला म्हातारा भरल्या पंगतीत ताट सारतो आणि पाहुण्यांना सांगतो, की मागच्या नाताळात मी याच दारात भाकरी मागितली होती. माझी बायको उपाशी होती, पण आयुष्याच्या शेवटी तिला माझ्यापासून दूर व्हायचं नव्हतं, म्हणून आम्ही आत आलो नाही. तुम्ही बाहेर काही दिलं नाहीत, आणि ती गेली. कविता भावनेने थबथबलेली आहे, समीक्षक तिला नाकं मुरडतात. मुरडू देत.

आता डिकन्स. त्याच्याकडे मुद्दाम उशिरा आलो. चार्ल्स डिकन्सचा बाप 1824 साली कर्जापायी मार्शलसी तुरुंगात होता, आणि बारा वर्षांचा चार्ल्स बूटपॉलिशच्या कारखान्यात डब्यांना लेबलं चिकटवत होता. घेणाऱ्याची बाजू त्याला पुस्तकातून कळलेली नव्हती. 1843 साली कामगार मुलांबद्दलचा सरकारी अहवाल वाचून तो हादरला, आधी पत्रक लिहायचं ठरवलं, मग गोष्ट लिहिली. 'अ ख्रिसमस कॅरोल' 19 डिसेंबर 1843 रोजी प्रसिद्ध झाली आणि नाताळच्या आत सहा हजार प्रती संपल्या.

कंजूष स्क्रूजकडे दोन गृहस्थ गरिबांसाठी वर्गणी मागायला येतात. तो विचारतो, तुरुंग बंद पडले का, वर्कहाउसं बंद पडली का? मी कर भरतो, माझं काम झालं. हा माणूस दुष्ट आहे असं आपण म्हणतो. पण तो बोलतो ती कायद्याचीच भाषा आहे.

इथे मला माझ्या विषयात थोडं शिरू द्या. कांट म्हणतो, की ज्याला देण्यात मुळातच सुख वाटतं त्याच्या देण्याला कौतुक मिळावं, पण नैतिक मोल त्यात नाही. यावर वर्गात मुलं चिडायची, आणि मलाही हा कांट कधी पचला नाही. पण 1797च्या ग्रंथात तोच कांट वेगळं बोलतो. श्रीमंताची संपत्ती पुष्कळदा अन्याय्य व्यवस्थेतून आलेली असते. मग त्याच्या मदतीला उपकार म्हणावं का, अशी शंका तो काढतो. आणि द्यायचंच तर घेणाऱ्याला मिंधं वाटणार नाही असं द्या, शक्य तर गुपचूप, असंही सुचवतो. मराठीत 'देणं' म्हणजे हातून सोडणंही आणि डोक्यावरचं कर्जही. कांटला मराठी येत असती तर त्याची दोन पानं वाचली असती.

डिकन्सने कांट वाचला होता असा माझा दावा नाही. पण गोष्टीच्या शेवटी बदललेला स्क्रूज काय करतो ते पाहा. कारकून बॉब क्रॅचिटच्या घरी तो भलाथोरला टर्की पाठवतो, आणि कुणी पाठवला ते कळू देत नाही. तो घरभर हसत सुटतो. इतका आनंद त्याला पैसे मोजताना कधी झालेला नसतो. मग रस्त्यात त्या वर्गणीवाल्या गृहस्थांपैकी एक जण भेटतो. स्क्रूज त्याच्या कानात आकडा सांगतो. आकडा वाचकालाही कळत नाही. आणि सांगतो, की यात मागची बरीच थकबाकी धरलेली आहे.

दुसऱ्या दिवशी, 26 तारखेला, बॉब उशिरा कामावर येतो. स्क्रूज आधी त्याला दरडावतो, थोडी गंमत करतो, आणि मग त्याचा पगार वाढवतो. आठवड्याला पंधरा शिलिंग मिळत होते त्याला. ही वाढ मात्र गुपचूप नाही. ऑफिसात, दिवसाढवळ्या, नाव घेऊन.