गोड्या पाण्यावरचे आरमार

शाळेच्या भिंतीवर नकाशा असेल तर त्यात उत्तर अमेरिका काढून पाहा. अमेरिकेची संयुक्त संस्थाने आणि कॅनडा यांच्या मध्ये पाच मोठी सरोवरे दिसतील. त्यांत सर्वांत पूर्वेकडचे आहे ते ओंटारिओ. सरोवर म्हटले की आपल्याला गावचे तळे आठवते. हे तळे तीनशे किलोमीटर लांब आहे, पण पाणी गोडे. या गोड्या पाण्यावर सुमारे दोनशे वर्षांपूर्वी दोन आरमारे एकमेकांवर तोफा रोखून उभी होती. ती पुढे गेली कुठे, हे मला सांगायचे आहे. पण आधी ते युद्ध लागले कसे ते पाहू.

त्या वेळी इंग्लंड नेपोलियनशी झुंजत होते. आरमाराला माणसे पुरत नव्हती. मग इंग्रज कप्तान भर समुद्रात अमेरिकन जहाजे अडवत आणि ‘हा आमचाच पळालेला खलाशी’ म्हणून माणसे ओढून नेत. त्यांत खरे अमेरिकनही जात. शिवाय इंग्लंडच्या सरकारी हुकुमांनी अमेरिकेचा युरोपशी चालणारा व्यापार अडवून धरला होता. अमेरिकेला चीड आली ती काही उगाच नव्हे. आपल्या शेतातून दिवसाढवळ्या कोणी बैल सोडून नेला तर आपण तरी गप्प बसू का?

पण चीड येणे वेगळे आणि कुऱ्हाड उचलणे वेगळे. अमेरिकन काँग्रेसमध्ये युद्धाचा ठराव आला तेव्हा एका सभागृहात 79 विरुद्ध 49 आणि दुसऱ्यात 19 विरुद्ध 13 मते पडली. गंमत अशी, की ज्यांची जहाजे पकडली जात होती त्या ईशान्येकडच्या बंदरांच्या मुलखातले बरेच प्रतिनिधी युद्धाच्या विरुद्ध होते. सर्वांत मोठा आवाज होता तो समुद्रापासून दूर, आत राहणाऱ्यांचा. त्यांतल्या काहींचा डोळा कॅनडाच्या जमिनीवर होता. कॅनडा म्हणजे काय, नुसते चालत गेले की हाती येईल, असे जेफरसनसारखा शहाणा माणूसही त्या वर्षी लिहून गेला.

18 जून 1812 रोजी अमेरिकेने युद्ध पुकारले. आणि त्याच्या दोनच दिवस आधी, 16 जूनला, लंडनच्या पार्लमेंटात इंग्रज सरकारने ते व्यापारबंदीचे हुकूम मागे घेत असल्याचे जाहीर केले होते! 23 जूनला ते रीतसर रद्दही झाले. तार नव्हती, नभोवाणी नव्हती. बातमी शिडाच्या जहाजातून कित्येक आठवड्यांनी यायची. ती पोचली तोवर फौजा निघालेल्या होत्या. मग थांबायचे कोणी? खलाशी ओढून नेण्याची तक्रार शिल्लक होतीच, आणि एकदा बाहेर काढलेली तलवार तशीच म्यान करायला कोणालाच बरे वाटत नाही.

पुढचे थोडक्यात सांगतो. ‘चालत गेले की मिळेल’ म्हणणाऱ्यांचे डेट्रॉइटचे ठाणेच ऑगस्ट 1812 मध्ये गेले. 1813 मध्ये अमेरिकनांनी यॉर्क, म्हणजे आजचे टोरांटो, येथील सरकारी इमारती जाळल्या. 1814 मध्ये इंग्रजांनी वॉशिंग्टनमध्ये अध्यक्षांचा वाडा जाळला. तिथल्या मूळ रहिवाशांचा थोर पुढारी टेकुम्से याच युद्धात पडला आणि त्याच्या लोकांची जमीन पुढे हातची गेली ती गेलीच. अखेर 24 डिसेंबर 1814 रोजी घेंट येथे तह झाला. त्यात खलाशांविषयी एक अक्षर नाही, व्यापाराच्या हक्काविषयी नाही. सरहद्द होती तिथेच.

आणि घाईने लागलेली आग विझवायलाही वेळ लागतो. तहाला अजून मंजुरी यायची होती हे खरे. पण सह्या झाल्यानंतर पंधरा दिवसांनी, 8 जानेवारी 1815 रोजी, न्यू ऑर्लिन्सपाशी मोठी लढाई होऊन इंग्रजांची सुमारे दोन हजार माणसे मेली, जखमी झाली किंवा पकडली गेली. शेवटची गोळी तर त्याहून दूर सुटली, आणि तिचा संबंध आपल्या मुंबईशी आहे. 30 जून 1815 रोजी जावा-सुमात्रामधल्या सुंदा सामुद्रधुनीत पीकॉक या अमेरिकन जहाजाला ‘नॉटिलस’ नावाचे छोटे जहाज भेटले. ते ईस्ट इंडिया कंपनीच्या मुंबईच्या आरमारातले. त्याचा कप्तान बॉइस सांगत होता, अहो, तह झाला आहे! दूरच्या समुद्रांसाठी तहात दिलेली मुदतही उलटून गेली होती. समोरच्या कप्तानाला ते पटले नाही. त्याने निशाण उतरवायला सांगितले, बॉइसने नकार दिला आणि तोफा सुटल्या. काही माणसे प्राणाला मुकली. त्यांत हिंदी लस्कर, म्हणजे खलाशीही, होते. कोणाच्या भांडणात, कशासाठी गेले ते!

आता सरोवराकडे येऊ. उत्तरेच्या काठावर किंग्स्टन इंग्रजांचे, दक्षिणेला सॅकेट्स हार्बर अमेरिकनांचे. एकाने एक गलबत बांधले की दुसऱ्याने त्याहून मोठे सुरू करायचे. लाकूड काठच्या रानातले, पण इंग्रजांच्या तोफा, नांगर आणि दोरखंड विलायतेहून यायचे आणि सेंट लॉरेन्स नदीच्या धारेतून ओढत न्यायचे. किती सुतार, किती नावाडी राबले असतील! सप्टेंबर 1814 मध्ये इंग्रजांनी ‘सेंट लॉरेन्स’ जहाज पाण्यात सोडले. त्यावर 112 तोफा. नेल्सनच्या प्रसिद्ध ‘व्हिक्टरी’पेक्षाही त्या अधिक. ते दिसताच अमेरिकन बंदरातच राहिले आणि त्याच्या तोडीची दोन जहाजे बांधू लागले. ती पुरी होण्याआधी तह झाला.

खरी परीक्षा इथेच होती. तह झाला तरी सुतार कामावर, तोफा जागच्या जागी. अशा वेळी कोणी तरी आधी बोलावे लागते. अमेरिकेने 1816 मध्ये लंडनला विचारले: दोघांनीही जहाजे कमी करू या का? वर्षभर पत्रे गेली-आली. मग 28 आणि 29 एप्रिल 1817 रोजी इंग्रज वकील बॅगट आणि अमेरिकेचे परराष्ट्र खाते त्या वेळी सांभाळणारे रश यांनी एकमेकांना पत्रे दिली. ओंटारिओवर प्रत्येकाचे एक जहाज, वरच्या सरोवरांवर दोन, शँप्लेन सरोवरावर एक. कोणतेही शंभर टनांहून मोठे नको आणि प्रत्येकावर अठरा पौंडी गोळ्याची एकच तोफ. बाकी सगळी मोडायची, नवी बांधायची नाहीत. ज्याला नको असेल त्याने सहा महिने आधी सांगावे.

हे टिकले का, असे तुम्ही विचाराल. सगळे एकदम गोड झाले असे मी म्हणणार नाही. जमिनीवर किल्ले पुढेही बांधले गेले. एक तर अमेरिकनांनी चुकून सरहद्दीच्या पलीकडेच बांधायला घेतला! 1864 मध्ये, अमेरिकेच्या यादवीत, कॅनडातून आलेल्या दक्षिणेच्या माणसांनी सरहद्दीवरचे गाव लुटले, तेव्हा अमेरिकेने करार मोडण्याची सहा महिन्यांची नोटीसही दिली. पण त्या मुदतीत डोकी थंड झाली आणि मार्च 1865 मध्ये नोटीस मागे घेतली गेली. माझ्या मते त्या करारातले सर्वांत शहाणपणाचे कलम ते सहा महिन्यांचेच. 1812 मध्ये असे सहा महिने कोणी घेतले असते तर? काळाप्रमाणे फेरफार होत तो करार आजही चालू आहे.

त्याच 1817 सालात इंग्रजांनी आपल्याकडे काय केले, हेही शिक्षकांनी मुलांना शेजारी ठेवून दाखवावे. मे महिन्यात एल्फिन्स्टनने पेशव्याकडून सिंहगड, पुरंदर, रायगड हे किल्ले तारण म्हणून मागून घेतले आणि जूनमध्ये पुण्याचा तह त्याच्या गळ्यात बांधला. शस्त्र खाली ठेवायचे ते एकानेच. दुसऱ्याची पलटण छावणीत तशीच. 5 नोव्हेंबरला खडकीची लढाई झाली. अशा तहाला मी निःशस्त्रीकरण म्हणत नाही.

त्या 112 तोफांच्या ‘सेंट लॉरेन्स’वरून शत्रूवर एकही लढाई झाली नाही. 1832 मध्ये ते अवघ्या पंचवीस पौंडांना विकले गेले, आणि त्याचा सांगाडा पुढे किंग्स्टनजवळच्या उथळ पाण्यात बुडाला. सॅकेट्स हार्बरचे अर्धवट ‘न्यू ऑर्लिन्स’ मात्र पाणी न पाहताच छपराखाली उभे राहिले. 1883 मध्ये ते विकून टाकले, तेव्हा ज्यांनी त्याला पहिला वासा ठोकला त्यांची नातवंडे बाप्ये झाली होती.