माहेरची तेलाची बाटली

आमच्या माजलगावकडे पहिलं बाळंतपण माहेरी आणि पुढची सासरी, अशी रीत होती. पहिल्या वेळी लेक डोळ्यांसमोर असते, त्यामुळे काळजी नसते. दुसऱ्या वेळी माहेराहून गाठोडं जायचं. त्यात डिंकाचे लाडू, अळीव, बाळंतशोपा आणि फडक्यात गुंडाळलेली तेलाची बाटली. लाडवांवर आजवर पुष्कळांनी लिहिलंय. तेलाच्या वाट्याला मात्र कोणी फारसं गेलेलं नाही. म्हणून हा प्रपंच.

हे तेल करडईचं. कोकणात खोबरेल, उत्तरेत मोहरीचं, तसं मराठवाड्यात करडईचं. ज्वारीच्या शेताला कडेने करडईचे पाटे पेरायचे. काट्यांमुळे जनावर आत शिरत नाही, म्हणजे कुंपणही झालं आणि तेलही झालं. कोवळी असताना पाल्याची भाजी व्हायची. काढणीला मात्र हातापायांना फडकी बांधून उतरावं लागे. मग ते बी तेल्याच्या घाण्यावर जायचं. आज्जीच्या हिशेबात काळाचे दोनच भाग होते, ‘पोलीस अॅक्शन’च्या आधी आणि नंतर. १९४८ च्या आधीचा बैलाचा घाणा ती अगदी करकर आवाजासकट सांगायची.

घाण्यावरून आणलेल्या तेलात निर्गुडीचा पाला वाटून घालायचा. निर्गुडी सिंदफणेच्या काठाला हवी तेवढी. शिवाय ओवा, लसूण आणि पाल्याचाच काढा. हे सगळं मंद आचेवर, पाणी पार आटेपर्यंत. तेल झालं की नाही हे ओळखायची आज्जीची एक खूण होती. तळाचा चोथा चिमटीत घेऊन त्याची वात वळायची आणि चुलीत टाकायची. "तडतडली तर पाणी हाय अजून, बाळा. गप जळली की उतरव." पाणी राहिलं तर तेल टिकत नाही, खवट होतं, त्याला बुरशी येते. पुढे कितीतरी वर्षांनी शार्ङ्गधर संहितेतली तेल सिद्ध करायची रीत वाचली. एक भाग कल्क, चार भाग तेल, सोळा भाग द्रव. आणि तेल तयार झाल्याची खूण? कल्काची वात वळली पाहिजे आणि आगीत टाकल्यावर आवाज होता कामा नये! आज्जीला अक्षरओळख नव्हती. शार्ङ्गधर आज्जीपर्यंत पोचला की आज्ज्यांकडून ऐकून शार्ङ्गधराने लिहून घेतलं, हा प्रश्न मला उगीच वाटत नाही. माझा कौल आज्ज्यांना.

अंगाला तेल लावण्याची महती चरकानेही गायली आहे आणि त्याचे दृष्टांत मोठे झकास आहेत. तेलाने जसा घडा, जसं कातडं, जसा गाडीचा आस मजबूत होतो आणि कष्ट सोसतो, तसंच शरीराचं. म्हणजे वंगण! बैलगाडीच्या मुलखात हे वेगळं समजावून सांगायला नको. आमच्या भागावर एके काळी राज्य करणाऱ्या कल्याणीच्या चालुक्यांपैकी सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात ‘मानसोल्लास’ लिहिला. त्यात राजाच्या स्नानाचा आणि सुवासिक तेलाने अभ्यंग करण्याचा थाट आहे. पण राजाला काय, तेल लावायला दहा माणसं हाताशी. मला त्याहून मोलाची वाटते ती नाशिकच्या पांडवलेण्यांतल्या दहाव्या लेण्यातली एक नोंद. आभीर राजा ईश्वरसेन याच्या नवव्या वर्षातली, म्हणजे तिसऱ्या शतकातली. विष्णुदत्ता नावाच्या एका शकवंशी बाईने तिथल्या आजारी भिक्षूंच्या औषधपाण्यासाठी पैसे कायमचे गुंतवले. कुणाकडे? कारागिरांच्या श्रेणींकडे, आणि त्यांत एक श्रेणी होती तिळाचं तेल काढणाऱ्यांची. तेली तेव्हा पेढीसारखे विश्वासाचे होते, आणि बाई आजाऱ्यांसाठी देणगी ठेवत होती.

पुढच्या काळात तेल्याचं स्थान घसरलं. सकाळी तेली आडवा आला तर अपशकुन, असं म्हणणारी माणसं मी पाहिली आहेत. आणि तीच माणसं तुकोबांचे अभंग म्हणतात, जे लिहून ठेवणाऱ्यांत चाकणचे संताजी जगनाडे होते, जातीने तेली. असो.

तेलाचा मान आमच्या तालुक्यात आणखी एका निमित्ताने होतो. गोदाकाठचं पुरुषोत्तमपुरी माजलगाव तालुक्यातच. तिथे यादव राजा रामचंद्राचा शके १२३२ चा, म्हणजे १३१० सालचा ताम्रपट सापडला. अधिक महिन्यात तिथे मोठी यात्रा भरते. याच धोंड्याच्या महिन्यात जावयाला बोलावून, तेल लावून न्हाऊ घालतात. जावयाचं तेल दोन-तीन वर्षांतून एक दिवस. लेकीचं सव्वा महिना.

इथेच मला त्या बाटलीचं खरं मोल कळतं. लाडू एकटीने उभ्या उभ्या खाता येतो. तेलाचं तसं नाही. तेल लावायला दुसऱ्याचे हात लागतात, तापवलेलं पाणी लागतं, शेकायला शेगडी लागते आणि बाळंतिणीने आडवं पडून राहायला लागतं. बाटली पाठवणं म्हणजे विहीणबाईंना न बोलता सांगणं, की आमच्या पोरीला सव्वा महिना निजू द्या. थेट बोलायची सोय नव्हती ना! बाटली अर्धी भरलेली परत आली की आज्जी काही बोलत नसे, पण त्या घरी दुसरी लेक दिली नाही.

आणि आमच्याच जिल्ह्यातल्या हजारो बायकांच्या वाट्याला ती बाटलीही नाही. दिवाळीच्या आगेमागे कोयते निघतात ते साखर कारखान्यांच्या फडांवर, थेट उन्हाळ्यापर्यंत. फडावर बाळंत झालेली बाई काही दिवसांत मोळी उचलते. खाडा परवडत नाही. गर्भाशय काढण्याच्या शस्त्रक्रियांचा प्रश्न २०१९ मध्ये गाजला, नीलम गोऱ्हे यांच्या अध्यक्षतेखाली समितीही नेमली गेली, तेव्हा बीडचं नाव देशभर झालं. मला तेव्हा ही बाटली आठवली होती.

तेल मागे पडायला तशी कारणं पुष्कळ. सिंदफणेवर धरण झालं, कालवे आले, पाटाच्या पाण्यावर ऊस आला. करडई कोरडवाहू पीक, काट्यांचं, मजूर मिळेना, मग हरभरा आणि सोयाबीनने तिची जागा घेतली. १९९८ मध्ये दिल्लीत मोहरीच्या तेलात पिवळ्या धोत्र्याच्या बियांच्या तेलाची भेसळ होऊन साठांहून अधिक माणसं मेली. त्यानंतर सुट्या तेलावर निर्बंध आले. भेसळ कुणी केली आणि भोगलं कुणी! निर्बंध चूक होते असं मी म्हणणार नाही, पण गावच्या घाण्याला पाकीट बांधणं कुठून जमणार?

गंमत म्हणजे २००५ मध्ये पुण्याच्या केईएम रुग्णालयातल्या डॉक्टरांनी १२० तान्ह्या बाळांवर एक अभ्यास केला. काहींना करडईचं तेल, काहींना खोबरेल, काहींना काहीच नाही. पाच दिवसांच्या मालिशीनंतर रक्त तपासलं, तर त्या त्या तेलातली स्निग्धाम्लं बाळाच्या रक्तात उतरलेली. म्हणजे तेल नुसतं कातड्यावर राहत नाही. (म्हणून बाळाला लसूण-ओव्याचं उग्र तेल लावू नका, साधं लावा. ते बाळंतिणीसाठी. आणि जखमेवर, टाक्यांवर कुठलंच नको.)

हल्ली शहरात ‘लाकडी घाणा’ अशा पाट्या दिसतात. तिथलं करडईचं तेल आणून मी गेल्या हिवाळ्यात भाचीसाठी करून पाठवलं. निर्गुडी गावाकडून मागवली. वात तीनदा तडतडली, चौथ्यांदा गप जळली. जावईबापूंना फोन करून सांगितलं, "तेल पाठवलंय. लावायला बाई लावा, नाहीतर तुम्ही लावा. पण बाटली रिकामी झाली पाहिजे." ते हसले आणि म्हणाले, "मावशी, पाणी किती गरम ठेवायचं तेवढं सांगा."