रायगडचा पाहुणा आणि मान्यतेचा प्रश्न



मी इतिहासाचा पंडित नाही. शाळा नववीतच सुटली. पुढचे शिकणे झाले ते कामगारवस्तीतल्या वाचनालयात, पाळी संपल्यावर. गेली तीस वर्षे युनियनचे काम करीत आलो. म्हणून शिवराज्याभिषेकाविषयी बोलताना आज मी तो एका पाहुण्याच्या नजरेने पाहणार आहे. कारण हा पाहुणा खिशात मागण्यांचा कागद घेऊन आला होता आणि असल्या कागदांशी माझा जन्माचा संबंध आहे.

पाहुण्याचे नाव हेन्री ऑक्झिंडेन. मुंबईचा इंग्रज गव्हर्नर जेराल्ड ऑन्जिअर याने 1674 च्या मे महिन्यात त्याला वकील म्हणून रायगडास धाडले. सोबत दुभाषी नारायण शेणवी. मुंबईहून मचव्याने चौल. तेथे पोहोचेपर्यंत पोर्तुगीज शहराचे दरवाजे बंद झालेले, म्हणून रात्र बाहेरच्या एका चर्चमध्ये काढावी लागली. पुढे अष्टमी, निजामपूर असे मुक्काम करीत मंडळी पाचाडास आली, तो महाराज भवानीच्या दर्शनाला प्रतापगडावर गेलेले! वकील पायथ्याशी वाट पाहत बसला. साहेबाच्या केबिनबाहेर बाकड्यावर बसण्याचा अनुभव ज्याला आहे, त्याला त्या दिवसांची लांबी सांगावयास नको.

त्याचे मूळ काम काय होते? 1660 साली पन्हाळ्याला सिद्दी जौहरचा वेढा पडला असता राजापूरच्या इंग्रजांनी तोफा नेऊन वेढा घालणाऱ्यांस साहाय्य केले. त्याचे प्रायश्चित्त म्हणून 1661 मध्ये राजापूरची त्यांची वखार लुटली गेली. त्या लुटीची भरपाई आणि राज्यात व्यापाराची मोकळीक, हे दोन मुख्य मुद्दे. जंजिऱ्याच्या सिद्दीशी तह करावा, असेही तो सुचविणार होता. परंतु निराजीपंतांनी तो विषय काढूच नका, असा सल्ला दिला. अभिषेकापूर्वीच महाराजांची भेट झाली, व्यापाराबद्दल आश्वासन मिळाले आणि कलमांचा तपशील मोरोपंत पेशव्यांकडे सोपविण्यात आला.

मग 6 जूनचा दिवस उजाडला. ऑक्झिंडेन सकाळी दरबारात गेला, तेव्हा महाराज सिंहासनावर विराजमान होते. जवळ युवराज संभाजीराजे व मोरोपंत पेशवे. वकिलाने दुरूनच मुजरा केला. नारायण शेणव्याने नजराण्याची अंगठी उंच धरली, तेव्हा महाराजांचे लक्ष गेले आणि वकिलास सिंहासनाजवळ बोलावून पोशाख दिला गेला. हिशेबी माणूस तो. त्याने बारकाईने टिपून ठेवले. सोन्याचा मुलामा दिलेल्या भाल्यांवर एका बाजूस मोठ्या दातांची सोन्याची मत्स्यमुखे, दुसऱ्या बाजूस घोड्यांची पुच्छे आणि न्यायाची खूण म्हणून समतोल तराजू. दाराशी दोन लहान हत्ती पाहून तर तो चकितच झाला. इतक्या अवघड वाटेने हे वर आणले तरी कसे?

परंतु माझ्या मते राज्याभिषेकाची खरी कसोटी त्या तराजूपेक्षा कागदावर लागली. वीस कलमांपैकी बहुतेकांस अडचण आली नाही. राजापूर, दाभोळ, चौल व कल्याण येथे वखारी घालाव्यात, आयात मालावर शेकडा अडीच जकात द्यावी, वगैरे. गाडे अडले ते दोन कलमांवर. आमचे नाणे तुमच्या राज्यात चालावे, हे एक. महाराजांचे उत्तर असे की, कसाने व वजनाने खरे असेल तर ते आपोआप चालेल. पण तोटा सोसून घ्या, अशी सक्ती मी रयतेवर करणार नाही. स्वतःच्या नावाचा होन आणि शिवराई पाडणाऱ्या राजाचे हे उत्तर होते. दुसरे कलम फुटलेल्या जहाजांच्या मालाचे. किनाऱ्याला लागलेला माल राजाचा, हा कोकणचा जुना दंडक. तुम्हांस सूट दिली तर फ्रेंच आणि डच तेच मागतील, असे उत्तर आले. बंधूंनो, 'एकाला दिले की सगळे मागतील' हे वाक्य वाटाघाटींच्या टेबलावर आम्ही किती वेळा ऐकले आहे!

येथे एक स्वतःची गोष्ट सांगतो. एका कारखान्यात आमची युनियन रीतसर नोंदलेली होती, सभासद बहुसंख्य होते. आम्ही मागण्यांचे पत्र पाठविले, ते न फोडताच परत आले. निरोप एवढाच की, तुमच्या संघटनेला आम्ही ओळखत नाही. त्या दिवशी मला कळले की, पगारवाढ, बोनस, रजा ह्या सर्व मागण्यांच्या आधी एक मागणी असते; ती मान्यतेची. ताकद आपल्याजवळ असली तरी समोरचा आपणांस पक्षकार मानीत नाही, तोवर करार कोणाशी व्हायचा?

महाराजांजवळ किल्ले होते, फौज होती, आरमार होते. तरी मोगल त्यांना बंडखोरच म्हणत आणि इंग्रजांच्या पत्रांतही तोच शब्द येई. काशीच्या गागाभट्टांना बोलावून, सुमारे 16,000 होनांची तुला करून जो समारंभ झाला, तो काहींना उधळपट्टी वाटतो. मलाही तरुणपणी वाटे. आता वाटत नाही. ज्यांचा पक्ष बंडखोर म्हणत होता, तोच वकील हातात अंगठी घेऊन उभा राहिला आणि त्याच जूनमध्ये राजाशी करार करून परतला.

अर्थात मान्यता मिळाली म्हणजे सारे मिळाले असे नव्हे. समारंभानंतर अकराच दिवस लोटतात न लोटतात, तोच 17 जूनला पाचाडात जिजाऊसाहेब निवर्तल्या. इंग्रजांची भरपाई पुढे कित्येक वर्षे रेंगाळली. सही एका दिवसाची, अंमलबजावणी रोजची. पण सहीचा अधिकार आधी मिळवावा लागतो. रायगडावर 6 जून 1674 रोजी मिळविला तो हाच.